लहानपणी बाप्तिस्मा झालाय, तरी मोठेपणी पुन्हा घ्यावा का?

नगरची_लेक
सर्वांना सलाम. आमचं घर चर्च ऑफ नॉर्थ इंडियातलं. तान्ही असताना माझा बाप्तिस्मा झाला, दहावीनंतर दृढीकरण घेतलं, म्हणजे मंडळीसमोर तो विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल केला, तेव्हापासून प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस) घेते. लग्नानंतर पुण्यात आले आणि घराजवळच्या एका स्वतंत्र मंडळीत जाऊ लागले. तिथली प्रार्थना मनापासूनची असते, लोक एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला धावतात. पण तिथले पास्टर म्हणतात, बाळपणीचा बाप्तिस्मा धरायचा नाही, विश्वास तुझा नव्हता. आता बुडून घे. आईला सांगितलं तर ती रडायलाच लागली. "म्हणजे तुला देवाच्या हाती दिलं ते खोटं होतं का गं?" मी रोज प्रार्थना करते आणि देव ऐकतो हे मला ठाऊक आहे. मग पाण्याने त्याच्या-माझ्या नात्यात नेमकं काय होतं?

निवृत्त_पाळक
मुली, बायबलमधला मार्क १ उघड. बाप्तिस्मा घेऊन येशू यार्देन नदीतून वर येतो आणि आकाशातून वाणी होते की तू माझा परमप्रिय पुत्र, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. मार्काच्या शुभवर्तमानात तोवर त्याने ना प्रवचन दिलंय, ना कुणाला बरं केलंय. पित्याने आधी आपलं म्हटलं, काम नंतर सुरू झालं. तान्ह्या लेकराच्या बाप्तिस्म्यात मला हेच दिसतं. त्याच्या हातात देवाला द्यायला काहीच नसतं.

तुमच्या पास्टरांचं म्हणणं पोकळ नाही. रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात पौल सांगतो की आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो ते नव्या जीवनात चालावं म्हणून. बुडून वर येण्यात ते डोळ्यांना दिसतं. आणि चालायचं रोज असतं, बाळपणीच्या बाप्तिस्म्यावर जन्मभर निजून राहता येत नाही. १९७० साली आपलं चर्च एकत्र आलं तेव्हा मोठेपणीच बाप्तिस्मा देणाऱ्या बाप्टिस्ट आणि ब्रदरन मंडळ्याही आल्या, म्हणून आपल्याकडे दोन्ही रीती मान्य आहेत. एकाच माणसाला दोनदा मात्र देत नाहीत. मला ते पटतं. देवाने दिलेला शब्द एकदाच पुरतो.

धरणकाठ
पाळकसाहेब, मी थोडं वेगळं सांगतो. मी हिंदू घरातला. कित्येक वर्षं लपून शास्त्र वाचायचो, प्रार्थना करायचो, देव तेव्हाही ऐकायचा. प्रेषितांच्या कृत्यांत कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरला, पाणी नंतर आलं. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या ज्या चोराला त्याने स्वर्गाचं वचन दिलं, त्याला तर पाणी मिळालंच नाही. पण धरणाच्या पाण्यातून मी वर आलो आणि माझं लपणं संपलं. थोरला भाऊ काठावर उभा होता, रागावलेला होता, तरी आला होता. नातं आधीपासून होतं, त्या दिवशी ते चारचौघांत आलं. ताई, आपल्या तोंडाने 'हो' म्हणावंसं वाटतं, ती ओढ खरी आहे.

कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो काही वर्षांनी. त्याच टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. एवढं सोसलेल्या माणसाला पाणी क्षुल्लक वाटलं असेल, असं मी मानत नाही.

वसईकरीण
आम्ही कॅथलिक. पास्काच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्री हातात पेटत्या मेणबत्त्या घेऊन आम्ही सगळे बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा देतो. फादर विचारतात, सैतानाचा त्याग करता का, देवपित्यावर विश्वास ठेवता का? तान्हेपणी माझ्या वतीने आईवडिलांनी दिलेलं उत्तर तिथे मी स्वतः देते. वडील गेले त्या वर्षी मात्र घशातून आवाजच फुटेना. शेजारच्या बाईंनी माझा हात धरला आणि माझ्या वाट्याचंही मोठ्याने म्हणाल्या. ते उत्तर मला माझंच वाटलं. तुझ्या आईने दिलेलं उत्तरही खोटं नव्हतं गं.

नगरची_लेक
ताई, हे आईला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, त्या बाईंना माझा सलाम सांग. पाळकसाहेब, असं वचन पुन्हा देणं आपल्याकडे करता येईल का?

निवृत्त_पाळक
येईल. नगरच्या पाळकांना आधी भेट आणि मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची आहे म्हणून सांग. आईला पुढच्या बाकावर बसव. पुण्याच्या पास्टरांनाही बोलाव, आणि त्यांच्याकडची प्रार्थना सोडू नकोस.