प्रतिसाद : वर्गणी आणि ओळखपाळख

काही जण म्हणतात की व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांची वर्गणी भरून मासिक आणि प्रमाणपत्राशिवाय हाती काही लागत नाही. मला हे पटत नाही. आयईईई ही विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांची संस्था घ्या. १८८४ आणि १९१२ साली निघालेल्या दोन अमेरिकन संस्था १९६३ मध्ये एकत्र येऊन ती झाली. एवढा पसारा टिकला तो स्थानिक विभाग, विषयवार चॅप्टर (एकेका विषयाचे सदस्यगट) आणि कॉलेजांतल्या विद्यार्थी शाखांमुळे. तिथं वरिष्ठ सदस्य व्हायला १० वर्षांचा अनुभव लागतोच, शिवाय तीन जुन्या जाणत्या सदस्यांच्या शिफारशी लागतात. म्हणजे माणसं ओळखल्याशिवाय पुढं सरकताच येत नाही! ही अट मला फार मोलाची वाटते.

ओळखीचा असाच फायदा इथंही दिसतो. आमच्या बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले फाउंड्रीवाले (धातूचं ओतकाम करणारे) एकत्र जमले की कुणीतरी बाद झालेलं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, टेबलावर ठेवतो. ब्लोहोल (वायू अडकून पडलेली पोकळी) दाखवत मराठी-कन्नडमध्ये चर्चा रंगते : साच्याच्या वाळूत ओल जास्त होती की हवा जायला वाट कमी पडली? शेजारचा स्पर्धकच उपाय सांगतो. असं नुसत्या वेबिनारनं होत नाही.

खानापूर, निपाणीकडच्या पोरांनी विद्यार्थी असतानाच अशा संस्थेचं सदस्य व्हावं. तेव्हा वर्गणीही कमी असते.