'लिड' आणि 'कॅप' यांतील फरकाविषयी

'लिड' या इंग्रजी शब्दाचा झाकण हा अर्थ सांगितला जातो, तो बरोबर आहे. परंतु आपण ज्या ज्या वस्तूला झाकण म्हणतो, तिला इंग्रजीत 'लिड' म्हणतातच असे नाही. भांडे, डबा किंवा पेटीच्या रुंद तोंडावर बसणारे, उचलून काढता येणारे अथवा बिजागरीवर उघडणारे ते 'लिड', तर बाटलीच्या अरुंद तोंडावर फिरवून बसवायचे ते 'कॅप'. त्यामुळे आपल्याकडील गंज, गुंड यांसारखी भांडी वा धान्याची कोठी यांच्या झाकणांना 'लिड' शोभते, पण फवारणीच्या औषधाच्या बाटलीचे बूच 'कॅप'च ठरते. लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरवावे लागत असले, तरी तोंड रुंद असल्याने त्यास बहुधा 'लिड'च म्हणतात.

तालुक्याच्या बाजारात कुकर घेताना 'इनर लिड' की 'आउटर लिड' असे विचारले जाते. पहिल्या प्रकारात झाकण तिरके करून आत सरकवतात व ते काठाला आतून टेकते, म्हणून वाफेचा दाब त्याला अधिकच घट्ट करतो. दुसऱ्यात ते बाहेरून काठावर फिरवून अडकवतात.

'लिड' ज्यात येतो त्या 'आयलिड' या शब्दाचा अर्थ पापणी, मात्र आपण पापणीच्या केसांनाही पापणीच म्हणतो. इंग्रजीत त्यांना 'आयलॅश' हा वेगळा शब्द आहे.