गावाला न गेलेल्यांचा मे महिना

धागाकर्ती

कोकण रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होते, तेव्हा निदान हळहळायला चार महिने मिळायचे. यंदा सकाळी आठच्या ठोक्याला मी लॅपटॉपसमोर आणि नवरा मोबाईलसमोर बसलो होतो. आठ वाजून चार मिनिटांनी वेटिंग लिस्ट. सासूबाईंनी शांतपणे चहा ओतला आणि म्हणाल्या, "राहू दे, यंदा इथंच."

लेक नऊ वर्षांचा. परीक्षा संपल्याच्या तिसऱ्या दिवसापासून "आई, मी काय करू?" हा जप चालू आहे. तर ठाणे-नवी मुंबईकरांनो, उन्हाळा घरीच काढला तेव्हा काय केलंत ते सांगा. लहानपणीचं चालेल, कालचंही चालेल. शिबिरांच्या जाहिराती नकोत. आणि मॉलचं नाव काढणाऱ्याला दुपारी बाराला गच्चीत अनवाणी उभं करण्यात येईल.

नौपाड्याची

अनवाणी गच्ची म्हणालात आणि कुरडयाच आठवल्या.

आमच्या जुन्या चाळवजा इमारतीत एप्रिल लागला की गच्चीचे वार वाटले जायचे. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून चीक गाळायचा आणि रात्रभर ठेवून सकाळी वरचं पाणी अलगद ओतायचं. त्या आंबूस वासाने जिना भरलेला असायचा, कोणाकडे कुरडया आहेत ते विचारावं लागत नसे. पहाटे पाचला आधण ठेवायचं, मीठ, हिंग. शेजारच्या काकू चीक ओतणार आणि आई चाटूने घोटणार. या वेळी दोघींशी बोलायचं नाही. गुठळी झाली तर वर्षभर ऐकावं लागेल अशा चेहऱ्याने दोघी त्या पातेल्यात बघत असत.

मग वाटीत गरम चीक आणि वर कच्चं तेल. त्या चिकासाठी मी पहाटे उठायचे, कुरडयांसाठी नाही.

ऊन चढायच्या आत सोऱ्याने घालून व्हायच्या. नंतर राखण. काठीला काळी पिशवी बांधून कावळा केलेला असे, पण खरे कावळे त्याच्याच शेजारी येऊन बसत. राखणदाराचा मेहनताना म्हणजे अर्धवट वाळलेली कुरडई, कडेला कडक आणि मधे चिवट. आईला संख्या कमी लागली की दोष कावळ्यांवर. (कावळ्यांनो, माफ करा.)

आता सोसायटीच्या गच्चीला कुलूप आहे, वॉटरप्रूफिंग खराब होतं म्हणे. गेल्या वर्षी बाल्कनीच्या ग्रिलमध्ये जुन्या साडीवर घातल्या. एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं आणि खालच्या मजल्यावरून तक्रार आली ती वेगळीच. तळल्यावर फुलल्या मात्र.

वाशी सेक्टर १७

आमच्याकडे उन्हाळा म्हणजे बाबा आणि एपीएमसीचं फळ मार्केट. वर्षातून एकदाच, पण पहाटे. मार्केट घाऊक आहे, तिथं पेटी घ्यायची, डझन मागायचा नाही हे मला सातव्या वर्षी कळलं. बाबा पेटीतला पेंढा बाजूला करायचे, एक फळ उचलून देठाशी नाक न्यायचे आणि काही न बोलता परत ठेवायचे. विकणाऱ्याचा चेहरा पडायचा. पुढच्या गाळ्यावर पुन्हा तेच. मला वाटायचं बाबांना आंब्यातलं प्रचंड कळतं. मोठेपणी त्यांनी कबूल केलं की काही कळत नाही, पण लगेच हो म्हटलं की भाव उतरत नाही.

एकदा वरचा थर देखणा आणि खाली लिंबाएवढी फळं निघाली. बाबा म्हणाले, रसाला बरी. आई आठवडाभर त्यांच्याशी मोजकंच बोलली.

पेटी घरी आली की पलंगाखाली अढी. रोज शाळेतून आल्यासारखं तिथं डोकं घालायचं, पिकलेले वेगळे काढायचे. लेकाला हे काम द्या, फुकट आहे. आणि मराठी माणसाला भांडायला अजून एक मुद्दा: २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघरबरोबर ठाणे जिल्हाही आहे. हे मी देवगडच्या सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी विषय बदलला.

अर्धवट झोपलेला, कळवा

लाईट गेली की पत्ते. बस. एसी आल्यापासून बदाम सात विसरलो होतो, परवा अडीच तास वीज नव्हती तेव्हा तीन मजल्यांवरची माणसं जिन्यात येऊन बसली. झब्बू, मग पाच-तीन-दोन. वीज आली तेव्हा माझ्याकडे हुकमाचा एक्का होता आणि सगळे उठून गेले. अजून राग आहे.

सीवूड्स

आम्ही मे महिन्यात संध्याकाळी रोहित बघायला जातो, म्हणजे फ्लेमिंगो. एकच युक्ती सांगते, भरतीची वेळ बघून निघा. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलात लांब पसरलेले असतात, दुर्बीण नसेल तर गुलाबी रेघ दिसते फक्त. भरतीने चिखल बुडाला की ते उठून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ तलावांवर येतात. टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या बाजूला आम्ही घडीच्या खुर्च्या घेऊन बसतो. माझ्या सासऱ्यांना गुडघ्यामुळे चालवत नाही, पण भरतीचं कोष्टक त्यांच्या खिशात असतं. "पाच चाळीस, चला" असं म्हणून ते आमच्याआधी चपला घालून दारात उभे.

उलटी मान करून, चोच पाण्यात घालून रोहित खातात. त्यातल्या शेवाळामुळेच रंग येतो, पिल्लं करडी असतात. हे मुलीला सांगितलं तर तिने दुसऱ्या दिवशी बीट खाऊन आरशात पाहिलं.

पावसाळा तोंडावर आला की थवे कमी होत जातात, तेव्हा जूनवर ढकलू नका. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला आहे. तलावांचं पाणी वेळेवर आत येत राहिलं तर बरं, एवढंच म्हणते, बाकी बोलायला लागले तर धागा भरकटेल.

वर्तकनगरवाला

बुद्धपौर्णिमेची रात्र, येऊरचं जंगल. वनखात्याची पाणवठ्यावरची प्राणीगणना असते तिला एकदा गेलो होतो. मचाणावर आम्ही तिघं, संध्याकाळपासून सकाळपर्यंत. टॉर्च नाही, अत्तर नाही, बोलणं नाही. वेफर्सचं पाकीट फोडायलाही बंदी, त्याचा आवाज जंगलात केवढा होतो ते पहिलं पाकीट फोडल्यावर कळलं.

तासन् तास काही घडत नाही. चंद्र वर आला की पाणवठा ताटासारखा चमकतो आणि प्रत्येक दगड हलल्यासारखा वाटतो. मी रात्री एकला बिबट्या पाहिला, खात्रीने. तो पहाटेपर्यंत तिथंच होता, कारण तो दगड होता. खरं पाहिलं ते रानडुकरांचं कुटुंब, पिल्लं रांगेत. पाणी पिऊन झाल्यावर सगळ्यात धाकटं चिखलात लोळत राहिलं आणि आईने त्याला नाकाने ढकलत नेलं. घरी आल्यावर प्रत्येकाचा एकच प्रश्न, बिबट्या दिसला का? डुकरांचं सांगायला लागलो की लोक चहा घ्यायला उठतात.

सकाळी येताना पाड्यावरच्या बाईकडून पानाच्या द्रोणात करवंदं घेतली. चीक बोटांना दोन दिवस होता.

नियम मोडणारी, घोडबंदर रोड

मी गच्चीत उभी राहायला तयार आहे. माझे वडील ८१ वर्षांचे, बाहेर ३७ अंश आणि वर दमट हवा. मी त्यांना रोज अकरा वाजता मॉलमध्ये चालायला नेते. काही विकत घेत नाही. तळमजल्यावर पाच फेऱ्या, मग बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट बघतात. "ह्याचे चावतायत," असं दुरून ओळखतात. चाळीस वर्षं चपलांच्या दुकानात काढली त्यांनी.

उरणची लोकल

जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. रविवारी सकाळी ठाण्याहून नेरूळ आणि तिथून गाडी बदलून उरण. खारकोपरच्या पुढे डबा जवळजवळ रिकामा, दोन्ही बाजूंना खाडी, खाजण, कुठं कंटेनरच्या राशी. स्टेशनाहून रिक्षाने पीरवाडीचा किनारा. आम्ही दोघं निवृत्त, तासभर वाळूत बसतो, शहाळं पितो आणि ऊन तापायच्या आत परत. ह्यांना स्टेशनांची नावं मोठ्याने वाचायची सवय आहे, "बामणडोंगरी!" असं अख्ख्या डब्याला सांगतात. गाड्या थोड्या अंतराने आहेत, वेळापत्रक बघून जा. आम्ही एकदा पाऊण तास फलाटावर डबा उघडून घावनं खाल्ली.

पुस्तकातली अळी

मराठी ग्रंथ संग्रहालय. ठाण्यातलं, १८९३ पासूनचं. सुट्टीत मी रोज एक पुस्तक बदलायला जायचे. दुसऱ्या आठवड्यात काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "वाचतेस की नुसती ने-आण करतेस?" आणि तिथंच गोष्ट सांगायला लावली. सांगितली. त्या दिवसापासून ते माझ्यासाठी पुस्तक बाजूला काढून ठेवायचे. येताना तलावपाळीला काला खट्टा गोळा, जीभ जांभळी, आणि पुस्तकाच्या सतराव्या पानावर एक थेंब. तो काकांना दिसला होता, बोलले नाहीत.

धागाकर्ती

सगळं वाचून लेकाला दाखवलं. त्याने निवड केली ती भरतीच्या कोष्टकाची आणि गुठळीची. सीवूड्सला शनिवारी जाऊन आलो, थवा आला तेव्हा हा मोबाईलवर होता, पण मान वर केली आणि नंतर खाली घातली नाही. आज गव्हाचा चौथा दिवस आहे. घरात तो वास सुटलाय आणि सासूबाई खुशीत आहेत, गावाकडच्या मागीलदारासारखं वाटतंय म्हणाल्या.

नौपाड्याची, आमचा सोऱ्या आहे, कुरडईची चकती हरवली आहे. नुसती चकती कुठं मिळेल? उद्या पहाटेच्या आत हवी.

नौपाड्याची

जांभळी नाक्याला भांड्यांच्या दुकानांत विचारा, सोऱ्या सोबत न्या, मापं वेगवेगळी असतात. आणि चीक झाल्यावर एक वाटी झाकून ठेवा. मी येतेय.