जुना मॅनेजर वाईट रेफरन्स देणार हे माहीत असेल, तर आधीच सांगावं का?

निळीशाई
गेल्या महिन्यात माझी ऑफर अकरा दिवस लटकली होती. फोन केला की 'व्हेरिफिकेशन चालू आहे' एवढंच उत्तर. शेवटी कळलं, आधीच्या कंपनीने 'पुन्हा कामावर घ्याल का?' या रकान्यात 'नाही' लिहिलं होतं आणि शेऱ्यात 'वागणुकीबाबत तक्रार'. तक्रार झाली होती हे खरं, पण ती मी केली होती, मॅनेजरविरुद्ध, लेखी. माझ्याविरुद्ध चार वर्षांत साधा मेमोही निघाला नव्हता. अप्रेझलची चारही पत्रं जपून ठेवली होती म्हणून ऑफर वाचली.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की अशी शंका असेल तर आपणच एचआरला आधी सांगून टाकावं. दुसऱ्याच्या तोंडून कळलं की मग आपलं खरंही सारवासारव वाटतं.

उंबरठा
अजिबात पटलं नाही. तुमचं निभावलं कारण तुमच्याकडे कागद होते. बहुतेकांकडे नसतात. अनेक कंपन्या धोरण म्हणून फक्त तारखा आणि पद एवढंच कळवतात, वाईट काही लिहीतच नाहीत. मग न विचारता 'माझं तिथं पटलं नव्हतं' असं सांगणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. मुलाखतीत जुन्या साहेबाबद्दल एक वाक्य वाईट बोललं की समोरचा मनात लिहून ठेवतो, 'हा उद्या आमच्याबद्दलही असंच बोलेल.' मी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा पुढचा फोन आला नाही. तिसऱ्यांदा गप्प राहिलो, नोकरी लागली.

टेबलापलीकडे
मी आठ वर्षं एचआरमध्ये हेच व्हेरिफिकेशनचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. जुन्या कंपनीकडे चौकशी करणाऱ्या एजन्सीच्या फॉर्ममध्ये साधारण ठरलेले प्रश्न असतात: कालावधी, पद, सोडण्याचं कारण, फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) झालं का, सचोटीबद्दल काही आक्षेप, पुन्हा घ्याल का. नुसत्या 'नाही'वर मी कधी ऑफर रद्द केलेली नाही. नोटीस पीरियड पूर्ण केला नाही तरी काही ठिकाणी आपोआप 'नाही' पडतं. मी उमेदवाराला फोन करून विचारते. ऑफर जाते ती बहुतेक वेळा खोटेपणामुळे: वाढवून सांगितलेला पगार, गाळलेली तीन महिन्यांची नोकरी, बदललेलं पद.

खरी भीती वेगळीच आहे. नव्या कंपनीतला कुणीतरी जुन्या कंपनीतल्या ओळखीच्याला परस्पर फोन करतो. ते बोलणं कुठल्याही अहवालात येत नाही आणि त्याला उत्तर देण्याची संधीही कुणाला मिळत नाही. मला हे फार चुकीचं वाटतं आणि ऑफिसात मी तसं बोललेही आहे.

सावली
सगळे उमेदवाराच्याच बाजूने बोलताय. मी टीम सांभाळतो. खोटी बिलं लावणाऱ्या एका माणसाबद्दल मला विचारलं गेलं, मी खरं सांगितलं. मी गप्प बसलो असतो आणि त्याने पुढच्या ठिकाणी तेच केलं असतं, तर त्या टीमला मी काय तोंड दाखवलं असतं? प्रत्येक वाईट रेफरन्स म्हणजे सूड नसतो.

निळीशाई
@सावली, खरं सांगायला माझी ना नाहीच. फक्त ते लेखी आणि पुराव्यासह असावं. ब्रिटनमध्ये १९९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने) स्प्रिंग खटल्यात हेच मानलं: रेफरन्स देणाऱ्याने काळजी घेतलीच पाहिजे, निष्काळजीपणे चुकीचं लिहून कुणाचं नुकसान झालं तर भरपाई मागता येते. अमेरिकेत फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याखाली, एजन्सीच्या अहवालावरून नोकरी नाकारण्याआधी उमेदवाराला त्याची प्रत द्यावी लागते. तुमच्याकडे बिलं होती. माझ्या मॅनेजरकडे काय होतं?

@उंबरठा, मुलाखतीत सांगू नये हे मला पटलं. पण व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरताना तरी दोन ओळी लिहाव्यात: 'अमुक तारखेला मी अंतर्गत तक्रार दिली होती, त्यामुळे त्या मॅनेजरऐवजी या दोन वरिष्ठांशी बोलावं.' साहेबाच्या स्वभावाबद्दल एक शब्दही नको.

उंबरठा
दोन ओळी ठीक. पण ज्याची तक्रार तोंडीच राहिली, कागद एकही नाही, त्याने काय लिहायचं? माझ्या धाकट्या भावाचं आत्ता हेच चाललंय.

टेबलापलीकडे
त्यांच्यासोबत काम केलेल्या, आता ती कंपनी सोडलेल्या एखाद्या वरिष्ठाचं नाव द्यायला सांगा. अशा माणसाशी मी नेहमी बोलते, आणि तो मोकळेपणानं बोलतो. शिवाय जुन्या एचआरला आजच ईमेल करून लेखी विचारू द्या: माझ्या नोंदीत सोडण्याचं कारण काय लिहिलंय? उत्तर आलं तर कागद तयार झाला. नाही आलं, तरी विचारल्याची तारीख हाती राहते.