मदत हवी आहे: कंबर इतकी दुखते की रात्री कूस बदलता येत नाही

मानेवाड्याची_सून
पंधरा दिवस झाले, कंबर धरूनच चालून राहिली. रात्री कूस बदलायची तर नवऱ्याला उठवावं लागते. डॉक्टर म्हणाल्या, गरोदरपणात होतंच, चालत जा. चालून तर आणखी दुखते. सासूबाई म्हणतात शेक घे, आई म्हणते बाळाला त्रास होईल, शेक अजिबात नको. बाम लावून झाला. उद्या साडेसातला पहिला तास आहे, उभं राहूनच शिकवावं लागते. काहीतरी लवकर सांगा.

सोनचाफा
कितवा महिना? पहिलं बाळ का? आणि कंबर म्हणजे नेमकं कुठे, मधोमध का एका बाजूला?

वर्धा_रोडवाला
वहिनी, गादी बदला. फोमच्या गादीने माझी कंबर दोन वर्षं गेली होती. कापसाची गादी पिंजून घेतली, महिन्याभरात फरक पडला.

धरमपेठची_आजी
पोरी, रात्री चमचाभर एरंडेल दुधातून घे. पोट साफ तर कंबर मोकळी. आणि मालीशवाली बाई लाव.

सोनचाफा
आजी, एरंडेल पोटात नको हो! त्याने कळा सुरू होऊ शकतात. तिने महिनासुद्धा सांगितला नाही अजून.

धरमपेठची_आजी
आम्हाला नववा भरल्यावर द्यायचे, हे खरं. बरं, एरंडेल राहू दे. पण तिळाचं तेल कोमट करून पाठीला लावायला काय हरकत आहे?

फिजिओ_मेडिकल_चौक
काही हरकत नाही. कुशीवर झोपवून, हलक्या हाताने. पालथं झोपवायचं नाही आणि कंबर मोडून घ्यायची नाही. शेकाचं म्हणाल तर दोघींचंही थोडं थोडं बरोबर आहे. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून पाठीवर दहा-पंधरा मिनिटं चालते. पोटावर नको.

दोन_लेकरांची_आई
मला डायक्लोफेनॅकच्या गोळीने एका दिवसात आराम पडला होता. मेडिकलमध्ये मिळते.

फिजिओ_मेडिकल_चौक
कृपा करून असं सुचवू नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गटातल्या गोळ्या 20 आठवड्यांनंतर बाळाच्या किडनीवर परिणाम करू शकतात, गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये याचा स्पष्ट इशारा दिला आहे. वेदनेसाठी पॅरासिटामॉल वापरतात, पण तेही डॉक्टरांना विचारून.

दोन_लेकरांची_आई
मला डॉक्टरांनीच दिली होती. बाळंतपणानंतर दिली होती, हे मात्र लिहायचं राहिलं.

मानेवाड्याची_सून
27 आठवडे. पहिलंच. दुखते उजव्या बाजूला, खाली कुल्ल्यावर, तिथे बोट ठेवून दाखवता येते. जिना चढताना आणि सलवार घालताना एका पायावर उभं राहिलं की जास्त. शाळेत अॅक्टिव्हाने जाते.

वर्धा_रोडवाला
अॅक्टिव्हा काहून? मेट्रोने जा. अजनी चौकातून बसायचं.

गोपालनगरकर
मानेवाड्याहून अजनी चौकापर्यंत ऑटोच करावा लागतो, त्याचे दणके वेगळे. सिमेंट रस्त्याच्या कडेला गट्टू अर्धे वर, अर्धे खाली. यावर खरं तर वेगळा धागा काढायला पाहिजे.

फिजिओ_मेडिकल_चौक
धागा तिचा आहे, तिचं पाहू. ताई, तुमच्या वर्णनावरून हे मणक्यापेक्षा कटीच्या मागच्या सांध्याचं वाटतं. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात, पोटाचा भार पुढे येतो आणि मागच्या सांध्यावर ताण पडतो. म्हणून एका पायावर भार आला की चमक निघते.
आज रात्रीच करून पाहा. कूस बदलताना दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवून, सगळं अंग एकाच वेळी वळवा. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. उठताना आधी कुशीवर, मग हाताने रेटा देऊन. सलवार पलंगावर बसून घाला. चाला, पण पावलं लहान टाका आणि दुखायच्या आत थांबा. वर्गात बसूनच शिकवा. एकदा फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवा, पट्टा लागेल का ते बघून ठरवता येतं.
आता नीट उत्तर द्या: ताप, थंडी, लघवीला जळजळ? अंगावरून जाणं? कंबर ठरावीक वेळाने दुखून थांबते का? पायात बधिरपणा?

मानेवाड्याची_सून
बाकी काही नाही. जळजळ आहे चार दिवसांपासून, पण ती उन्हाळी लागली ना. धन्या-जिऱ्याचं पाणी पिऊन राहिली. शाळेतलं बाथरूम फार घाण, म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही, घरी येऊनच जाते.

सोनचाफा
अगं, हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं!

फिजिओ_मेडिकल_चौक
उन्हाळी म्हणून सोडून देऊ नका. गरोदरपणात लघवीचा संसर्ग किडनीपर्यंत चढू शकतो आणि वेळेआधी कळाही येऊ शकतात. उद्या सकाळी शाळेआधी लघवीची तपासणी. रात्रीत थंडी वाजून ताप आला किंवा बरगडीखाली मागून दुखलं, तर सकाळची वाट पाहू नका, सरळ दवाखान्यात जा.

गोपालनगरकर
रजेचं कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या सुधारणेनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे, त्यातले 8 प्रसूतीआधी घेता येतात. 1961 च्या मूळ कायद्यापासूनच तरतूद आहे की प्रसूतीपूर्वीच्या 6 आठवड्यांच्या आधीचा एक महिना, विनंती केली तर जास्त वेळ उभं राहायचं काम देता येत नाही. ताईंचा तो महिना 30व्या आठवड्यापासून सुरू होतो.

मानेवाड्याची_सून
तिसऱ्या दिवशी लिहून राहिली. लघवीत पस सेल्स (पू) निघाले, कोणता जंतू ते बघायला कल्चरला पाठवलं आहे. डॉक्टरांनी गरोदरपणात चालणारं अँटिबायोटिक दिलं. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा जळजळ मी सांगितलीच नव्हती. आता जळजळ कमी आहे. कुल्ल्यावरचं दुखणं आहेच, पण गुडघे चिकटवून वळले तर रात्री कोणाला उठवावं लागत नाही. पाण्याची बाटली शाळेत नेऊन राहिली, आणि शिक्षकांच्या खोलीमागचं बाथरूम वापरू द्या म्हणून विचारलं, चावी मिळाली. वर्गात खुर्ची मात्र अजून नाही, मोठ्या मॅडम म्हणाल्या बघू. अर्ज लेखी द्यावा का?

धरमपेठची_आजी
लेखीच दे. डॉक्टरांची चिठ्ठी जोड. आणि खुर्ची मिळाली की पायाखाली पाट ठेव, पाय लोंबकळत ठेवू नको.