पालखी दारावरून पुढे गेली तेव्हा संविधान कुठे होतं?

सहाण

‘जुनी पेठ’ यांच्या कालच्या पोस्टला तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतेय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शाळेत पोरांकडून उद्देशिका घोकून घेतात, पण संविधानाने कुणाला वाचवल्याचं त्यांच्या पाहण्यात नाही. माणसं चांगली असली की हक्क मिळतात, नसली की पुस्तक कपाटात. ब्रिटनला एका पुस्तकात लिहिलेलं संविधानच नाही, तरी तिथे कुणाचं अडत नाही.

माझ्या पाहण्यात आहे, म्हणून लिहितेय.

आमचं गाव रायगड जिल्ह्यातलं. गावकीने, म्हणजे गावच्या पंचमंडळींनी, सहाणेवर (पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर) बसून ग्रामपंचायत बिनविरोध करायचं ठरवलं आणि माझ्या बाबांनी फॉर्म भरला. मागे घ्या म्हणून निरोप आले, त्यांनी घेतला नाही. निवडणूक हरले. पण गावाचा शब्द मोडला म्हणून पंचवीस हजार दंड बसला, तो भरला नाही, आणि आम्ही वाळीत पडलो. गिरणीवाल्याने दळणाचा डबा न दळताच पायरीवर आणून ठेवला, झाकणावर आमचे पैसे. काकूने बोलणं टाकलं. सख्खी काकू, मधे फक्त पडवीची भिंत.

त्या वर्षीचा शिमगा मी विसरणार नाही. आईने अंगण सारवलं होतं. ओटीचं ताट तयार होतं: नारळ, तांदूळ, हिरवा खण. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की माणसं रुसली तरी देव येईल. पालखी शेजारच्या अंगणात नाचली. आमच्या बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकाशी, आली तेव्हा ढोल थांबला. सगळे खाली बघत गेले. पलीकडच्या घराशी पोचल्यावर ढोल पुन्हा सुरू. तो खण आईने अजून ट्रंकेत ठेवलाय.

राज्याचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ ला विधिमंडळात मंजूर झाला आणि जुलै २०१७ पासून लागू झाला. बाबांनी तो छापून ठाण्यात नेला. तिथल्या साहेबांनी पहिल्यांदा ‘गावात मिटवा’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा विचारलं, ‘ही तुमच्या गावची जुनी पद्धत आहे ना?’ बाबा म्हणाले, ‘आजोबांच्या आधीची आहे. पण आता चालत नाही.’ तिसऱ्या खेपेला गुन्हा नोंदला गेला.

सातवी शिकलेला माणूस वर्दीसमोर उभा राहून ‘आता चालत नाही’ असं म्हणू शकला, ते कशाच्या जोरावर? चांगल्या माणसांच्या? सगळ्या गावात आमच्या बाजूने बोलणारं एक माणूस नव्हतं.

जुनी पेठ

ताई, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. पण हा दाखला माझ्याच बाजूचा आहे. संविधान १९५० चं, तुम्हाला कायदा मिळाला २०१७ ला. मधली सदुसष्ट वर्षं संविधान काय करत होतं?

आता माझं ऐका. माझे वडील जुलै १९७५ मध्ये मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवायच्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात गेले. आरोप नाही, खटला नाही. मी नऊ वर्षांचा होतो. आईने शिवणाचं मशीन घेतलं आणि घर चालवलं. वकील येऊन सांगायचे, हायकोर्टं लोकांच्या बाजूने निकाल देताहेत, नागपूर खंडपीठानेही दिलाय, धीर धरा. मग २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने जबलपूर प्रकरणात सांगितलं की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येत नाही. चार विरुद्ध एक, तो एक म्हणजे न्या. खन्ना. सरकारी वकिलाने त्यांच्याच प्रश्नावर कबूल केलं होतं की पोलिसाने वैरापोटी जीव घेतला तरी उपाय नाही. तेव्हाही हेच संविधान होतं, जीविताच्या नि स्वातंत्र्याच्या हक्काचं हेच २१ वं कलम. त्या रात्री आई मशीनवर डोकं टेकून बसली होती, ते मी पाहिलंय. त्यामुळे माझ्या पाहण्यात काय आहे नि काय नाही, हे मला शिकवू नका.

आणि महाडचं चवदार तळं? २० मार्च १९२७. संविधानाच्या तेवीस वर्षं आधी. हक्क माणसांनी चालत जाऊन घेतला.

तालुका कोर्ट

मी वकिली करतो, तालुक्यालाच. पेठकाका, तुमच्या घराने जे सोसलं त्यावर मी बोलणार नाही. पण त्या निकालानंतर काय झालं तेही सांगा. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने नियम झाला की आणीबाणीतसुद्धा २० आणि २१ या कलमांची दाद बंद करता येणार नाही. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र बंड’ घातलं. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी असल्याशिवाय राष्ट्रपतींना घोषणा करता येत नाही. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल चूक ठरवला. मूळ निकालात बहुमताच्या बाजूने न्या. यशवंत चंद्रचूड होते, आणि तो चूक होता हे २०१७ ला लिहिलं त्यांच्याच मुलाने.

जुनी पेठ

एकेचाळीस वर्षांनी. माझे वडील तोवर गेले होते.

मासळीबाजार

गावकीचं मनावर घेतलंत ते बरं केलंत, पण मुंबईतल्या गावक्यांचं काय? पश्चिम उपनगरात फ्लॅट बघत होतो. टोकन द्यायच्या दिवशी सेक्रेटरीने बायकोला विचारलं, ‘घरात काय शिजतं?’ ती म्हणाली, ‘बोंबील, सुरमई, सगळंच.’ तो हसला, चहा पाजला आणि दोन दिवसांनी एजंटचा फोन आला की मालकाचा विचार बदलला. या गावात आमच्या पिढ्या गेल्या. मासे सुकवायच्या वलांडी होत्या त्या जागेवर टॉवर आले, आणि त्यात आम्हालाच घर नाही. कुठलं कलम लावू?

चेअरमन बी विंग

मी एका सोसायटीचा चेअरमन आहे. राहणाऱ्यांनी पैसे घातलेत, एकत्र कसं राहायचं ते त्यांनी ठरवलं तर चुकलं कुठे? संघटना काढायचं स्वातंत्र्यही त्याच संविधानात आहे, १९(१)(ग). २०११ च्या ९७ व्या दुरुस्तीने त्यात सहकारी संस्था हे शब्दही आले. अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या प्रकरणात २००५ ला सुप्रीम कोर्टाने सदस्यत्व फक्त पारशांना देणारा पोटनियम वैध धरला. हक्क तुम्हाला आहेत तसे आम्हालाही आहेत. कुकरमधून वास जिन्यात येतो, त्याचा त्रास लहान मुलांना होतो.

मासळीबाजार

वासाने मुलं आजारी पडतात? माझी पोरं त्याच वासात वाढली, एक आज डॉक्टर आहे. तुमच्या नळाला पाणी आलं नाही की टँकर कोण लावतो, जिन्याचा कचरा कोण उचलतो? ती माणसं काय खातात हे कधी विचारलंत? घर देताना तेवढं आठवतं.

चेअरमन बी विंग

वैयक्तिक जाऊ नका. सेक्रेटरी मी नव्हतो.

मासळीबाजार

सेक्रेटरी तुम्ही नव्हता, पण त्याची बाजू तुम्ही घेताय. माझी बायको तीन दिवस जेवली नाही. तिला वाटत होतं, खोटं बोलले असते तर घर मिळालं असतं.

तालुका कोर्ट

जरा कायद्याचं. चेअरमनसाहेबांनी सांगितलेला पारशी सोसायटीचा निकाल खरा आहे, आणि माझ्या मते चुकीचा आहे. कोर्टाने मूलभूत हक्कांकडे फक्त सरकारविरुद्धचे हक्क म्हणून पाहिलं. पण सगळेच हक्क तसे नाहीत. १७ वं कलम अस्पृश्यता कोणत्याही रूपात पाळायला बंदी करतं, मग पाळणारा सरकार असो की शेजारी. १५(२) दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट यांची नावं घेऊन सांगतं की तिथे जातीवरून, धर्मावरून कुणाला अडवता येणार नाही. ही यादी ज्यांनी लिहिली त्यांना पाण्यावरून हाकलणं म्हणजे काय ते ठाऊक होतं.

घर मात्र त्या यादीत नाही. ही उणीव आहे, मी झाकत नाही.

थेम्सकाठ

इथे वीस वर्षं राहतो, म्हणून ब्रिटनपुरतं बोलतो. इथे अडत नाही हे खरं नाही. परदेशी संशयितांना खटल्याविना बेलमार्श तुरुंगात ठेवत होते. डिसेंबर २००४ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ते मानवी हक्कांशी विसंगत ठरवलं, पण कायदा रद्द करायचा अधिकार त्यांच्याकडे नाही. विसंगत आहे एवढंच जाहीर करता येतं, पुढचं संसदेच्या मनावर. माणसं त्या दिवशी सुटली नाहीत. पुढच्या वर्षी संसदेने दुसरा कायदा आणला, त्यात नजरकैदेसारखे निर्बंध. भारतात कोर्ट कायदाच रद्द करू शकतं. हा फरक लहान नाही.

जुनी पेठ

रद्द करू शकतं तसं नको तेही रद्द करतं. मुंबई राज्याने १९४९ ला बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी आव्हान दिलं आणि १९६२ ला सुप्रीम कोर्टाने तो कायदाच मोडीत काढला. कशाच्या आधारे? संविधानाच्याच, धर्मस्वातंत्र्याच्या २६ व्या कलमाने. म्हणजे ताईंना २०१७ ला जे मिळालं ते १९४९ लाच मिळालेलं होतं, आणि संविधान दाखवून काढून घेतलं. आता याला उत्तर द्या.

सहाण

हे मला माहीत नव्हतं. वाचून रात्रभर झोप लागली नाही. १९४९ चा तो कायदा टिकला असता तर आईच्या आईलाही तो मिळाला असता. तिच्या माहेरालाही एकदा वाळीत टाकलं होतं.

काका, हा मुद्दा मला मान्य करावा लागतोय आणि करताना बरं वाटत नाही. संविधान चुकीच्या बाजूनेही वाचता येतं. पण याच निकालात सरन्यायाधीश सिन्हांनी उलट मत दिलं होतं की माणसाला समाजातून तोडणं हे अस्पृश्यतेसारखंच आहे. तो निकाल आता पुन्हा तपासणीला आहे, २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींनी प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. तुमच्या खन्नांचं मतही एकट्याचंच होतं. पुढे तेच खरं ठरलं.

आता महाड. मी महाडपासून दीड तासावर वाढलेय, त्यामुळे यावर तुमचं ऐकून घेणार नाही. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले हा ठराव कायदेमंडळात १९२३ ला झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ ला तळ्यासाठी उचलून धरला. कागद होता. लोक पाणी प्यायले तर डोकी फुटली, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि प्रकरण दहा वर्षं कोर्टात. मार्च १९३७ ला हायकोर्टात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला. पण कशावरून? ही रूढी अनादी काळापासून चालत आल्याचं सवर्णांना सिद्ध करता आलं नाही, म्हणून. उद्या त्यांनी दोनशे वर्षांचे पुरावे आणले असते तर? माणसाला पाणी पिऊ द्यायचं की नाही, हे न पिऊ देण्याची पद्धत किती जुनी यावर ठरत होतं.

१३ व्या कलमाने हा प्रश्नच बंद केला. कायद्याचं बळ असलेली रूढीसुद्धा मूलभूत हक्काच्या आड आली की तेवढ्यापुरती रद्द. जुनी असो की नवी. ठाण्यात साहेबांनी बाबांना तोच १९३७ चा प्रश्न विचारला होता, ‘जुनी पद्धत आहे ना?’ आणि बाबांना पद्धतीचं वय सिद्ध करावं लागलं नाही. एवढाच माझा मुद्दा आहे, पण माझ्या घरासाठी तो एवढासा नाही.

चेअरमन बी विंग

गावकीची नि सोसायटीची तुलना बरोबर नाही. आम्ही कुणाचं दळण बंद केलेलं नाही.

मासळीबाजार

दार बंद केलंत.

चेअरमन बी विंग

आमच्या पोटनियमात तसं काही लिहिलेलं नाही. भाडेकरूंना विचारतात, तो जुना रिवाज आहे. येत्या सर्वसाधारण सभेत मांडीन, पण एकटा पडेन.

सहाण

एकटे पडाल. बाबाही पडले होते.

तालुका कोर्ट

एक व्यावहारिक गोष्ट, कारण इथे वाचणाऱ्यांत वाळीत पडलेलं कुणी असेल. २०१६ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना नोंदवावाच लागतो. ‘गावात मिटवा’ हे उत्तर कायद्यात नाही. तारीख, वेळ, कोण काय बोललं, दुकानदाराने काय परत केलं, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. माझ्याकडे आलेली निम्मी प्रकरणं पुराव्याअभावी लंगडी पडली, कारण वाळीत टाकणारे कधी लिहून देत नाहीत.

जुनी पेठ

वहीचं पटलं. आईने वडिलांची येरवड्याहून आलेली पत्रं ठेवली होती, सेन्सॉरचा शिक्का असलेली. ती बाहेर काढली. १९७६ च्या जूनमधल्या पत्रात वडिलांनी लिहिलंय की आतल्या मंडळींनी निकालातला न्या. खन्नांचा भाग मिळवून बराकीत मोठ्याने वाचला. हे पत्र मी पूर्वी वाचलं होतं, पण ही ओळ लक्षात राहिली नव्हती.

माझं मत बदललेलं नाही. माणसंच लागतात. पण बराकीत वाचायला काहीतरी लिहिलेलं लागलं, हे मान्य करतो.

ताई, पुढे पालखीचं काय झालं ते तुम्ही सांगितलं नाहीत.

सहाण

गुन्हा नोंदल्यावर गावकी तडजोडीला आली. दंड मागे घेतला, कोर्टासमोर लिहून दिलं. पुढच्या शिमग्याला पालखी अंगणात आली, पण खांदे देणारी पोरं दुसऱ्या वाडीतली होती. आमच्या वाडीतले बांधाजवळ उभे राहिले. आईने नवीन खण आणला होता, त्याने ओटी भरली. काकू अजून बोलत नाही. गेल्या गणपतीत मात्र तिने भिंतीवरून मोदकांचा डबा सरकवला, काही न बोलता.