आंब्याच्या खोडातून भुशाच्या काड्या बाहेर येतायत, झाड वाचेल का?

नेरुळचा_खजिनदार
नमस्कार मंडळी. नेरुळ, सिडकोची जुनी सोसायटी. गेटजवळ एक आंबा आहे, लोणच्याच्या कैऱ्या अख्ख्या बिल्डिंगला पुरतात. गणपती गेल्यापासून खोडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतायत, जमिनीपासून कमरेपर्यंत. भोकाभोकातून भुशाची पांढुरकी काडी बाहेर आलेली, अगरबत्तीच्या राखेसारखी. फुंकर मारली की पडते, सकाळी परत हजर. एका फांदीची पानं वाळून तशीच लटकलीत. ठेकेदार म्हणतो वाळवी आहे, खोडात औषध भरतो, नाहीतर तोडून टाका. सेक्रेटरींना तोडण्यात रस, कारण तिथे एक गाडी जास्त बसेल. कोणाला अनुभव आहे का?

सांगोलकर_घणसोली
दादा, वाळवी नाय ती. वाळवी मातीची नळी करून वर चढते. आमच्याकडं डाळिंबाला हेच लागलं, पिन होल बोरर म्हणत्यात, खोडात बारीक भोकं पाडणारा भुंगेरा. चुलत्यांची बाग त्यातच गेली. खोडाला गेरूत औषध कालवून लेप देतात, पण तो लागायच्या आधी द्यायचा. किडा आत गेल्यावर लेप म्हणजे वरून रंगरंगोटी. आणि तोडलेल्या फांद्या बांधावर टाकू नका, त्यातूनच पुढच्या झाडांवर जातो.

वर्तकनगरची_भुंगेरेवाली
कीटकशास्त्रात एम.एस्सी. केलंय, प्रबंध याच मंडळींवर होता, त्यामुळे जरा लांबण लावते.

आधी ठेकेदाराला विचारा, औषध खाणार कोण? हा भुंगेरा लाकूड खातच नाही. मादी जेमतेम दोन मिलिमीटरची. अंगातल्या छोट्या पिशवीत बुरशीचे बीजाणू घेऊन येते, लाकडात बोगदा कोरते आणि त्याच्या भिंतींवर बुरशी पेरते. ती स्वतः आणि तिच्या अळ्या त्या बुरशीवर जगतात. कोरलेलं लाकूड मागे ढकलते, तीच तुमची काडी. खोडात भरलेलं औषध बोगद्यातल्या बुरशीपर्यंत पुरेसं पोचेलच असं नाही. वरून फवारलेलं तर आत बसलेल्याला लागतच नाही. शिवाय नर बिनउडते, भाऊबहिणींचं लग्न आतच उरकतं. म्हणून एकटी मादीसुद्धा नवी वसाहत वसवू शकते.

बोट जाईल एवढं भोक आणि जाडाभरडा चोथा दिसला असता, तर ती कोकणात भिरूड म्हणतात ती मोठी अळी. ती तारेने ओढून काढता येते. ही नाही.

आता माझा खरा प्रश्न. खोडाला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवलेत का? आणि पावसात तिथे पाणी तुंबतं का? मुळांना हवा मिळाली नाही की झाडात इथेनॉल तयार होतं, म्हणजे चक्क दारू, आणि तिच्या वासावर यातल्या बऱ्याच जाती येतात. अमेरिकेत रोपवाटिकांमधल्या झाडांवर प्रयोग झाले, पाणी तुंबवलेल्या झाडांवर हल्ला, शेजारची कोरडी झाडं शाबूत. भुंगेरा बहुतेक वेळा दुसऱ्या नंबरला येतो, पहिला नंबर आपला असतो.

पण सगळं सोसायटीवर ढकलून चालणार नाही. काही जाती धडधाकट झाडंही पाडतात. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये अशीच एक जात 2021 मध्ये सापडली. झाडांमागून झाडं तोडली आणि 2025 मध्ये सरकारनेच सांगितलं की आता तिचं निर्मूलन शक्य नाही. ओमानमध्ये 1990 च्या दशकाच्या अखेरीस आंब्याला मर रोग लागला, त्याची बुरशी सालीखालच्या एका भुंगेऱ्यासोबत पसरते. पानं वाळून लटकलीत म्हणालात, म्हणून हे सांगतेय. एका भोकाजवळची साल सुरीने खरवडा. आतलं लाकूड पांढरं की तपकिरी-काळ्या पट्ट्याचं, ते कळवा. सुरी नंतर स्पिरिटने पुसा.

तुर्भे_पॅलेटवाला
आम्ही निर्यातीच्या पेट्या करतो. लाकडाच्या गाभ्यात 56 अंश, सलग 30 मिनिटं, त्याशिवाय लाकूड कीडमुक्त केल्याचा गव्हाच्या लोंबीचा शिक्का बसत नाही आणि न्हावा शेव्याहून माल हलत नाही. हे भुंगेरे लाकडातूनच देशोदेशी फिरतात, म्हणून तो नियम. गेटजवळ वॉचमनने शेकोटीला साल असलेलं लाकूड रचलंय का बघा.

नेरुळचा_खजिनदार
शेकोटीची लाकडं होती, आज हलवली. पेव्हर पार बुंध्यापर्यंत आहेत, मागच्या वर्षीच बसवले, आणि हो, जुलैमध्ये तिथे घोटाभर पाणी असतं. साल खरवडली: वाळलेल्या फांदीखाली तपकिरी पट्टा, दुसऱ्या बाजूला लाकूड स्वच्छ. तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते म्हटल्यावर सेक्रेटरी गप्प आहेत. शेणखत घालू का?

वर्तकनगरची_भुंगेरेवाली
एक बाजू स्वच्छ, म्हणजे प्रयत्न करण्यासारखं आहे. खत आत्ता नको. बुंध्याभोवती निदान मीटरभर पेव्हर काढा, पाण्याला वाट द्या, खोडाला माती चढवू नका. वाळलेली फांदी परवानगी घेऊन निरोगी लाकडापर्यंत कापा, बारीक तुकडे करून त्याच दिवशी प्लास्टिकखाली उन्हात झाका. लक्ष ठेवायचं तर बाटलीला खिडकी कापा, तळाशी साबणाचं पाणी, आत झाकणभर सॅनिटायझर, त्यातल्या अल्कोहोलच्या वासावर भुंगेरे येऊन पडतात. पण टांगायची कुंपणापाशी, झाडावर नाही, नाहीतर आमंत्रण द्याल.

नेरुळचा_खजिनदार
पेव्हर रविवारी निघतायत. तिथे लागणारी गाडी सेक्रेटरींचीच आहे, ती हलवायचं पत्र मी लिहितोय.